टक्के कशाचे? कोरोनाच्या तीन लाटा आणि दवाखान्यातले आकडे



मागच्या आठवड्यात वर्गात शतमान शिकवत होतो. नफा-तोटा झाला, व्याज झालं, आणि मी सहज विचारलं, "टक्केवारी घरात कुठे कुठे ऐकलीय?" कुणी म्हणालं दुधाच्या फॅटमध्ये, कुणी म्हणालं दहावीच्या निकालात. मागच्या बाकावर असोद्याची एक मुलगी बसते. एरवी फारशी बोलत नाही. ती उठली आणि म्हणाली, "सर, कोरोनात जळगावला बारा टक्के लोक दवाखान्यात मेले ना? आमच्या आबांना नेलं नसतं तर ते वाचले असते, असं घरात म्हणतात." तिची आजी आजही म्हणते म्हणे, "दवाखान्यात नेला का मानूस माघारी येत नाही."

मी विचारलं, "आबा कधी गेले?"

"एप्रिलमध्ये. दुसऱ्या लाटेत."

इथेच थांबा आणि बघा. तिच्या घरात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. बारा टक्क्यांचा आकडा जून २०२० चा, म्हणजे पहिल्या लाटेच्या सुरुवातीचा. आबा गेले एप्रिल २०२१ मध्ये. एका लाटेचा आकडा घेऊन दुसऱ्या लाटेतल्या मृत्यूचा न्याय केला जात होता. आणि त्या आकड्याच्या जोरावर एका मुलाला, म्हणजे या मुलीच्या वडिलांना, गेली काही वर्षं वाटतंय की आपणच बापाला नेऊन घातलं.

तास संपला होता. मी म्हटलं, नीट उत्तर देतो. ते उत्तर म्हणजे आजचा पाठ. गणित सातवीचंच आहे, भागाकार आला म्हणजे झालं.

आधी जळगावचा आकडा

मार्च २०२० च्या अखेरीस जळगाव जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला. सुरुवातीला तपासणीसाठी घशाचे नमुने बाहेर पाठवावे लागत, पुढे धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात. अहवाल यायला दिवस लागायचे. जूनच्या सुरुवातीला जिल्ह्यातला मृत्युदर बारा टक्क्यांच्या वर गेला होता, तेव्हा देशाचा तीन टक्क्यांच्या आत होता. म्हणजे चौपटीहून जास्त. देशभरच्या वर्तमानपत्रांत जळगावचं नाव आलं ते त्यामुळे. त्याच महिन्यात शहरातल्या कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेली एक वृद्ध बाई आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात मृतावस्थेत सापडली. अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, बदल्या झाल्या. पण त्या बातमीनंतर खेड्यापाड्यात जी भीती बसली, तिची बदली कोण करणार? असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, जळगावच्या अगदी लगतचं गाव. रेल्वे गेट ओलांडलं की शहर. तिथल्या माणसाला दवाखाना लांब नव्हता. तरी माणसं घरी थांबली, काढे घेत राहिली, आणि धाप लागल्यावरच निघाली.

आता दुसरा आकडा बघा. सगळ्या लाटा ओसरल्यावर जिल्ह्याची एकूण नोंद १ लाख ४० हजारांवर बाधित आणि अडीच हजारांवर मृत्यू अशी झाली. भागाकार करा. दोन टक्क्यांच्या आतबाहेर येतो.

जिल्हा तोच, आजार तोच. बाराचे दोन कसे झाले?

पटकन उत्तर येईल की उपचार सुधारले. खरं आहे, सुधारले. पण तेवढंच नाही. अपूर्णांकाला दोन मजले असतात, वर अंश आणि खाली छेद. आपण सगळे वरच्या मजल्याकडे बघतो, मृत्यू किती, मृत्यू किती. खालचा मजला कधी मोठा झाला ते लक्षातच येत नाही.

जून २०२० मध्ये छेदात कोण होतं? ज्यांची तपासणी झाली ते. तपासणी कुणाची व्हायची? बहुतेक जो आधीच खूप आजारी आहे त्याची, आणि त्याच्या जवळच्या लोकांची. जे घरी दोन दिवस तापले आणि बरे झाले, ते या हिशोबातच नव्हते. छेद लहान, म्हणून दर मोठा.

असे न मोजलेले लोक किती असतील? याचा अंदाज काढण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्त तपासून पाहणी केली. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते आणि आपलं जळगाव त्यांतलं एक. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० च्या दुसऱ्या फेरीत देशासाठी निष्कर्ष निघाला की नोंदवलेल्या एका रुग्णामागे प्रत्यक्षात २६ ते ३२ जणांना लागण झालेली असावी. देशाचा सप्टेंबरचा आकडा जूनच्या जळगावला जसाच्या तसा लावता येणार नाही, ते चूक होईल. पण गंमत कळावी म्हणून करून बघा: १०० नोंदलेले, त्यांत १२ मृत्यू. लागण झालेले खरे २८००. तर १२ भागिले २८०० म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मृत्यू तेवढेच बाराच आहेत. एकही माणूस परत आला नाही. फक्त छेद बदलला.

म्हणून "मृत्युदर" हा शब्द कानावर आला की पहिला प्रश्न विचारा: कशाचे टक्के? लागण झालेल्यांचे, नोंद झालेल्यांचे, की दवाखान्यात दाखल झालेल्यांचे? मुलीच्या घरी बारा टक्के "दवाखान्यात मेले" असं म्हणत होते. तो आकडा नोंदलेल्या रुग्णांचा होता.

वरचा मजलाही पक्का नसतो, बरं का. मे-जून २०२१ मध्ये राज्याने आधी नोंदायचे राहिलेले हजारो मृत्यू हळूहळू यादीत घातले. आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. भारत सरकारने तो मानला नाही, पद्धतीवर आक्षेप घेतला. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. वाद कुणाचा बरोबर हे आजच्या पाठात ठरणार नाही. अंशावरही एवढा वाद असू शकतो, एवढं वहीत लिहून ठेवा.

दवाखान्याच्या आतली तुलना

आता आबांच्या प्रश्नाकडे. त्यासाठी फक्त दाखल झालेल्या रुग्णांचा हिशोब हवा, आणि दोन्ही लाटांचा हवा. सुदैवाने तो आहे. आयसीएमआरने देशातल्या ४० च्या वर रुग्णालयांतून दाखल रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली होती. तिच्यातल्या सुमारे १९ हजार रुग्णांची तुलना २०२१ मध्येच प्रसिद्ध झाली. पहिल्या लाटेतले सुमारे १२ हजार, दुसऱ्या लाटेतले सुमारे ७ हजार.

| | पहिली लाट | दुसरी लाट |
|---|---|---|
| सरासरी वय | ५०.७ वर्षे | ४८.७ वर्षे |
| दाखल होताना धाप | ४२.८ टक्के | ४८.६ टक्के |
| ऑक्सिजन लागला | ४२.७ टक्के | ५०.३ टक्के |
| व्हेंटिलेटर लागला | ११.१ टक्के | १५.९ टक्के |
| मृत्यू | १०.२ टक्के | १३.३ टक्के |

शेवटची ओळ दोनदा वाचा. वर्षभराचा अनुभव गाठीशी, औषध कोणतं चालतं ते कळलेलं, आणि तरी दुसऱ्या लाटेत दाखल झालेल्यांत जास्त माणसं गेली.

इथे एक चूक हमखास होते, पेपरवालेही करतात. १०.२ चे १३.३ झाले म्हणजे "मृत्यू ३.१ टक्क्यांनी वाढले" असं छापतात. वजाबाकी ३.१ टक्केबिंदूंची आहे. वाढ किती टक्के हे काढायचं तर ३.१ भागिले १०.२ करायचं. साधारण ३० टक्के वाढ येते. तीन आणि तीस यात किती फरक आहे ते व्याजाच्या गणितात तुम्ही शिकलाच आहात.

आणखी एक बारीक गोष्ट. या अभ्यासात "पहिली लाट" कोणती धरली आहे? १ सप्टेंबर २०२० ते ३१ जानेवारी २०२१. नोंदवहीचं काम सप्टेंबरपासूनचं, म्हणून. म्हणजे जळगावचे ते बारा टक्क्यांचे मे-जून यात नाहीतच! आपल्या जिल्ह्याचा सगळ्यात वाईट काळ या "पहिल्या लाटे"च्या बाहेर राहिला. लाट हा काही समुद्रावर आखलेला पट्टा नसतो. सुरुवात कुठे धरायची हे अभ्यास करणारा ठरवतो, आणि बऱ्याचदा त्याच्याकडे माहिती कधीपासूनची आहे त्यावरून ठरतं.

वयाचा खेळ

तक्त्याची पहिली ओळ आता परत बघा. दुसऱ्या लाटेतले रुग्ण सरासरीने दोन वर्षांनी तरुण. कोरोनात वय हा सगळ्यात मोठा धोका. मग रुग्ण तरुण झाले तर मृत्यू कमी व्हायला हवेत की नको? झाले जास्त. म्हणजे एकूण आकडा जेवढा बिघाड दाखवतो, त्याहून खरा बिघाड जास्त असू शकतो. हे कसं ते एका मनातल्या उदाहरणाने करू. पुढचे आकडे मी बनवलेले आहेत, कोणत्याही दवाखान्याचे नाहीत.

समजा पहिल्या लाटेत १००० रुग्ण आले. ५०० म्हातारे, त्यांत १०० गेले, म्हणजे २० टक्के. ५०० तरुण, त्यांत २० गेले, म्हणजे ४ टक्के. एकूण १२० मृत्यू, १२ टक्के.

दुसऱ्या लाटेतही १००० आले. पण म्हातारे ३०० च, त्यांत ७५ गेले, २५ टक्के. तरुण ७००, त्यांत ३५ गेले, ५ टक्के. एकूण ११० मृत्यू, ११ टक्के.

एकूण बघाल तर १२ चे ११ झाले, वा, सुधारणा! पण आत डोकावून बघा. म्हाताऱ्यांत २० चे २५ झाले. तरुणांत ४ चे ५ झाले. दोन्ही गटांची परिस्थिती बिघडली, आणि बेरीज म्हणते सुधारली. बेरीज खोटं बोलत नाही, पण ती आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

उपाय काय? दुसऱ्या लाटेचे दर पहिल्या लाटेच्या वयोगटांना लावा. ५०० म्हाताऱ्यांचे २५ टक्के म्हणजे १२५. ५०० तरुणांचे ५ टक्के म्हणजे २५. एकूण १५०. सारखीच माणसं असती तर १२ चे १५ टक्के झाले असते, असं आता म्हणता येतं. याला वयाप्रमाणे समायोजित दर म्हणतात. कुस्तीत वजनगट असतात ना, तसं.

नोंदवहीच्या त्या अभ्यासातही गटवार पाहिलं गेलं. वीस वर्षांखालचे सोडले तर प्रत्येक वयोगटात दुसऱ्या लाटेत मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

का वाढलं? कारणं एकात एक गुंतलेली आहेत. विषाणू बदलला होता. डेल्टा आला होता, जो २०२० च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या नमुन्यांतही सापडला होता. लस जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली, पण ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना खुली झाली १ एप्रिलला, लाट अंगावर आल्यावर. आणि गर्दी. राज्यात सप्टेंबर २०२० मध्ये दिवसाला जास्तीत जास्त २५ हजारांच्या आसपास नवे रुग्ण होते, एप्रिल २०२१ मध्ये ६८ हजारांच्या वर गेले. खाट नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिव्हिरसाठी रांगा. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण काही वेळात गेले. तेही "कोरोनाचे मृत्यू" म्हणूनच दुसऱ्या लाटेच्या हिशोबात आहेत.

यातला विषाणूचा वाटा किती आणि तुटवड्याचा किती, हे त्या तक्त्यावरून वेगळं काढता येत नाही. खाटाच कमी असल्या की दाखल कोण होतो? जो जास्त अत्यवस्थ आहे तो. मग दाखल झालेल्यांचा मृत्युदर आपोआप चढतो. धापेची ओळ तेच सांगते. दारातच रुग्ण जास्त आजारी होते.

तिसऱ्या लाटेत याचं दुसरं टोक दिसतं. ओमिक्रॉनची लाट, डिसेंबर २०२१ पासून. जानेवारी २०२२ मध्ये राज्यात दिवसाला ४५ हजारांच्या वर रुग्ण सापडले, पण दवाखाने भरले नाहीत. बहुतेक लोक घरीच बरे झाले. सगळे म्हणत होते सौम्य आहे. आणि तरी नोंदवहीतल्या सुमारे दीड हजार दाखल रुग्णांचे आकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाले तेव्हा लस घेतलेल्यांत १० टक्के आणि न घेतलेल्यांत २२ टक्के मृत्यू होते. सौम्य लाटेत बावीस टक्के? छेद आठवा. घरी बरे झालेले या छेदात नाहीत. ज्याला खाट लागली, तोच मोजला गेला. आणि गेलेल्यांत मुख्यतः आधीपासून दुसरे मोठे आजार असलेले होते.

मग आबा?

आजीचं म्हणणं काय आहे? दवाखान्यात गेलेले जास्त मेले, घरी राहिलेले कमी मेले, म्हणून दवाखाना मारतो. आता तुम्हीच सांगा चूक कुठे आहे. घरी राहिलेले आणि दवाखान्यात गेलेले मुळात सारखे नव्हते.

सारखे करायचे कसे? एकच खात्रीचा मार्ग: चिठ्ठ्या टाकायच्या. इंग्लंडमध्ये "रिकव्हरी" नावाच्या चाचणीत तेच केलं. दाखल रुग्णांना नशिबाने दोन गटांत वाटलं. २१०४ जणांना डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिलं, ४३२१ जणांना नेहमीचे उपचार. निकाल १६ जून २०२० ला जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. भारताच्या उपचारसूचनांत हे औषध त्याच महिन्याच्या अखेरीस आलं. म्हणजे जळगावच्या त्या बारा टक्क्यांच्या वेळी डॉक्टरांच्या हातात हे ज्ञान नव्हतं, आणि आबांच्या वेळी होतं. (याचीच दुसरी बाजू: दुसऱ्या लाटेत गरज नसताना, घरच्या घरी, स्टेरॉइड घेतलेले लोकही होते. साखर वाढली, आणि काळ्या बुरशीच्या रुग्णांत अशांची मोठी भर पडली.)

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आबांचा केसपेपर घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. दाखल करतानाचा ऑक्सिजन ७८ लिहिला होता. निरोगी माणसाचा ९५ च्या वर असतो. त्याखाली डॉक्टरांच्या अक्षरात: ताप, सात दिवसांपासून.

मी तिला एवढंच सांगितलं की एका माणसाचं काय झालं असतं हे कोणताच टक्का सांगू शकत नाही. टक्के शंभरांचे असतात. पण ७८ ऑक्सिजन असलेली शंभर माणसं घरी ठेवली आणि तशीच शंभर दवाखान्यात नेली, तर कुठली जास्त माघारी येतील, याबद्दल मला शंका नाही. आणि तुझ्या बाबांनी आबांना नेलं ते चुकलं, असं या कागदावरचा एकही आकडा म्हणत नाही. त्या आधीच्या सात दिवसांबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. पेपर घडी करून तिने परत पिशवीत ठेवला.

स्वाध्याय

१. मनातल्या उदाहरणात उलट करा: पहिल्या लाटेचे दर दुसऱ्या लाटेच्या ३०० आणि ७०० ला लावा. किती टक्के येतात? त्याची तुलना ११ शी करा.

२. लाट चढत असताना "आजपर्यंतचे मृत्यू भागिले आजपर्यंतचे रुग्ण" हा दर खऱ्याहून कमी दिसतो. का? (सूचना: रुग्ण आज सापडला तर मृत्यूची नोंद साधारण किती दिवसांनी होईल?)

३. ग्रामपंचायतीत मृत्यू नोंदणीचं रजिस्टर असतं. ग्रामसेवकांची परवानगी घेऊन, मोठ्या माणसाला सोबत नेऊन, २०१८ ते २०२१ या चार वर्षांतले महिनावार नुसते आकडे उतरवून आणा. नावं किंवा कारणं लिहायची नाहीत. २०१८ आणि २०१९ च्या एप्रिलची सरासरी काढा आणि २०२१ चा एप्रिल तिच्याशेजारी मांडा. इथे तपासणी झाली की नाही, दाखल केलं की नाही, हा प्रश्नच येत नाही. छेद म्हणजे अख्खं गाव. असोदा, भादली, ज्याचं जे गाव त्याने त्याचं आणायचं. सोमवारी फळ्यावर एकत्र मांडू.